कंट्रोल कुठे, मेटा कुठे: ईमॅक्ससाठी मॉडिफायर बटणांची मांडणी

प्रश्न असा आहे: ऑफिसात लिनक्स, घरी मॅकबुक, कधीमधी क्लायंटकडचं विंडोज, आणि सगळीकडे ईमॅक्स हा टेक्स्ट एडिटर. संध्याकाळपर्यंत डावी करंगळी दुखायला लागते. मॅकवर मेटा (कंट्रोलसारखंच दुसऱ्या बटणासोबत धरायचं ईमॅक्सचं मॉडिफायर बटण, पीसीवर ते म्हणजे ऑल्ट) कमांडला द्यावा की ऑप्शनला, हे ठरत नाही. आणि मराठी इनस्क्रिप्ट लेआउट चालू केला की ईमॅक्सचे शॉर्टकट एकजात बंद पडतात. तिन्हीकडे चालेल अशी मांडणी कोणती?

एकच सेटिंग तिन्ही मशिनवर चालणार नाही. पण बोटांना तिन्हीकडे फरक जाणवू नये, एवढं सहज जमतं. त्यासाठी मी एक नियम पाळतो. बटणाची जागा बदलायची असेल तर ती ऑपरेटिंग सिस्टिममध्ये बदला. बटणाचा अर्थ बदलायचा असेल तर तो ईमॅक्सच्या फाइलीत बदला. हीच दोन कामं एकमेकांत मिसळली की गोंधळ होतो. कॅप्सलॉक सिस्टिममध्ये कंट्रोल केलेला, वर ईमॅक्समध्ये कंट्रोल आणि मेटाची अदलाबदल, त्यावर टर्मिनलची तिसरीच समजूत. मग एखादं बटण चालेनासं झालं की नेमकं कुठे अडलं ते सापडत नाही.

बटण दाबल्यापासून ईमॅक्सपर्यंत काय काय घडतं ते एकदा डोक्यात बसवा. कीबोर्ड फक्त बटणाचा क्रमांक पाठवतो. कर्नल तो घेतं. मग लेआउट ठरवतो की या क्रमांकाचं अक्षर कोणतं आणि मॉडिफायर कोणता. त्यानंतर डेस्कटॉप स्वतःचे शॉर्टकट उचलून घेतो. टर्मिनलमध्ये असाल तर टर्मिनल आपला हात मारतो. यातून जे उरेल तेच ईमॅक्सच्या वाट्याला येतं. ईमॅक्सच्या फाइलीत कितीही लिहिलं तरी वरच्यांनी आधीच गिळलेलं बटण परत मिळत नाही.

आता करंगळीबद्दल. ईमॅक्सची बटणं ठरली त्या काळातले कीबोर्ड आजच्यासारखे नव्हते. एमआयटीतल्या लिस्प मशिन या जुन्या संगणकांच्या कीबोर्डवर, टॉम नाइट यांनी घडवलेल्या प्रसिद्ध ‘स्पेस कॅडेट’वरसुद्धा, स्पेसबारच्या दोन्ही बाजूंना आधी कंट्रोल, मग मेटा, मग सुपर, मग हायपर असा क्रम होता. म्हणजे कंट्रोल अंगठ्याखाली यायचा. १९८१च्या पहिल्या आयबीएम पीसीवरही कंट्रोल ‘ए’च्या शेजारी होता. पुढे १०१ बटणांचा कीबोर्ड आला, तिथे कॅप्सलॉक बसला आणि कंट्रोल खालच्या कोपऱ्यात गेला. ईमॅक्सची बटणं मात्र तीच राहिली. तेव्हा दुखण्याचा दोष तुमच्या सवयीचा कमी आणि या स्थलांतराचा जास्त.

कॅप्सलॉकला कंट्रोल करा, हा सल्ला तुम्हाला शंभर ठिकाणी मिळेल. करा, मीही करतो. पण त्याने काम करंगळीकडेच राहतं. फक्त ताण कमी होतो आणि हात जागचा हलत नाही. दुखणं सुरू झालेलं असेल तर तेवढ्यावर भागणार नाही.

खरा फरक पडतो तो उजव्या हाताने कंट्रोल दाबायला शिकल्यावर. ईमॅक्समध्ये कंट्रोलबरोबर सतत लागणारी अक्षरं बघा: एक्स, सी, एस, ए, ई, एफ, डी, डब्ल्यू. सगळी डाव्या हाताची. डाव्या करंगळीने कंट्रोल धरून त्याच हाताच्या बोटाने एक्स दाबायचा, मग तसाच एस, म्हणजे एका हाताची कसरत आणि दुसरा हात रिकामा. टंकलेखनाच्या वर्गात शिफ्टबद्दल जे शिकवायचे तेच इथे लागू करा: अक्षर डावीकडचं असेल तर मॉडिफायर उजवीकडचा. म्हणून माझ्या मते उजवीकडचा कंट्रोल हा मुख्य कंट्रोल आहे, आणि लॅपटॉप घेताना मी आधी तो कुठे आहे ते बघतो. दुर्दैवाने मॅकबुकवर तो नाहीच. २०२४पासून आलेल्या अनेक विंडोज लॅपटॉपवर त्याच्या जागी कोपायलटचं बटण बसलं आहे. ते बटण प्रत्यक्षात शिफ्ट, विंडोज आणि एफ२३ अशी तीन बटणं एकदम पाठवतं, त्यामुळे त्याला परत कंट्रोल करणं साध्या लेआउट बदलाने होत नाही, वेगळं साधन लागतं.

याहून धीट उपाय म्हणजे लिस्प मशिनचीच मांडणी परत आणणं: स्पेसबारशेजारच्या ऑल्टला कंट्रोल करायचं आणि कोपऱ्यातल्या कंट्रोलला ऑल्ट. मग कंट्रोल अंगठ्याकडे येतो. दुखणाऱ्या बोटाला यापेक्षा मोठा आराम नाही. किंमत एवढीच की ऑल्ट-टॅब कोपऱ्यातून दाबावं लागतं आणि दुसऱ्याच्या मशिनवर तुम्ही पहिली पाच मिनिटं आंधळे होता. रोज स्वतःच्याच मशिनवर बसत असाल तर जरूर करून बघा.

मशिनकडे वळू. सेटिंगची नावं मी देवनागरीत लिहितोय. फाइलीत ती अर्थातच रोमन अक्षरांत जातील.

लिनक्सवर एक्सकेबी नावाची व्यवस्था बटणांची जागा बघते. कॅप्सलॉकला कंट्रोल करायचा पर्याय ‘सीटीआरएल:नोकॅप्स’, दोघांची अदलाबदल हवी असेल तर ‘सीटीआरएल:स्वॅपकॅप्स’, आणि डाव्या ऑल्ट-कंट्रोलच्या अदलाबदलीसाठी ‘सीटीआरएल:स्वॅप_एलऑल्ट_एलसीटीएल’. हे पर्याय एक्सवर, म्हणजे लिनक्सच्या जुन्या पडदा-व्यवस्थेवर, सेटएक्सकेबीमॅप या आज्ञेने लागतात. लक्षात ठेवा, प्रत्येक नवा पर्याय आधीच्यांत जमा होत जातो. प्रयोग करताना मधूनच सगळं विचित्र वागायला लागलं तर रिकामा पर्याय देऊन आधीचे पुसा. डेबियन-उबंटूवर कायमची सोय ‘ईटीसी’मधल्या ‘डीफॉल्ट’ फोल्डरातल्या कीबोर्ड फाइलीत होते.

एक्सची जागा घेणाऱ्या नव्या वेलँडवर सेटएक्सकेबीमॅपचा उपयोग नाही. तिथे डेस्कटॉपलाच सांगावं लागतं: गनोममध्ये ट्वीक्स, केडीईमध्ये कीबोर्ड सेटिंग. जुन्या लेखांत एक्समोडमॅपच्या फाइली सापडतील, त्यांच्या नादी लागू नका. कीबोर्ड काढून लावला किंवा लेआउट बदलला की त्यातले बदल उडतात. एक्स आणि वेलँड दोन्हीकडे, अगदी काळ्या कन्सोलवरही चालेल असं हवं असेल तर कीडी नावाचं छोटं साधन घ्या. ते कर्नलच्या लगेच वर बसतं, त्यामुळे पुढच्या कोणालाच बदल झाल्याचं कळत नाही. कॅप्सलॉक धरून ठेवला तर कंट्रोल, नुसता टिचकी मारून सोडला तर एस्केप, असं दुहेरी कामही त्यातच होतं. ईव्हिल, म्हणजे ईमॅक्समध्ये विम एडिटरची बटणं आणणारं पॅकेज, वापरणाऱ्यांना याशिवाय करमत नाही. वर सांगितलेल्या कोपायलट बटणाचा बंदोबस्तही इथेच.

अक्षरांच्या मधल्या ओळीवरच मॉडिफायर बसवण्याची, म्हणजे ‘एफ’ धरला तर कंट्रोल, सोडला तर एफ, अशीही एक पद्धत आहे. प्रोग्रामिंगपुरती ती काही लोकांना मानवते. भरभर मजकूर लिहिणाऱ्यांची बोटं मात्र एक अक्षर सुटायच्या आत पुढचं दाबतात, आणि मग शब्दाऐवजी शॉर्टकट उमटतो. मी कोणाला ती सुचवत नाही.

मॅकवर जागेचं काम सिस्टिम सेटिंग, कीबोर्ड, कीबोर्ड शॉर्टकट, मॉडिफायर कीज या वाटेने होतं. कॅप्सलॉकला तिथे कंट्रोल करा. ही निवड प्रत्येक कीबोर्डसाठी वेगळी ठेवता येते, आणि ते फार सोयीचं आहे. विंडोजसाठीचा बाहेरचा कीबोर्ड लावला तर कमांड आणि ऑप्शन उलटसुलट पडतात, ते फक्त त्या कीबोर्डपुरतं तिथेच सरळ करा.

आता तुमचा मूळ प्रश्न, कमांड की ऑप्शन. ईमॅक्स बनवणाऱ्या ग्नू प्रकल्पाच्या अधिकृत बांधणीत (बिल्डमध्ये) ऑप्शन हा मेटा असतो आणि कमांड हा सुपर. इतर बांधण्यांचं डीफॉल्ट वेगळं असू शकतं, म्हणून फाइलीत स्पष्ट लिहिलेलं बरं. कमांड स्पेसबारला लागून असल्यामुळे त्याला मेटा करायचा मोह होतो, आणि लिनक्सहून येणाऱ्याला तर जास्तच, कारण ऑल्ट तिथेच असायचा. पण वर म्हटलं तसं, सिस्टिम आपला वाटा आधी घेते. कमांड-टॅब आणि कमांड-स्पेस ईमॅक्सपर्यंत पोचतच नाहीत. कमांड-शिफ्ट-३, ४ आणि ५ ही स्क्रीनशॉटची बटणं आहेत. आणि शिफ्ट-५ म्हणजे टक्क्याचं चिन्ह. शोधा-आणि-बदला या कामासाठी ईमॅक्सवाला दिवसातून दहादा मेटा-टक्का दाबतो. कमांडला मेटा केलात की दरवेळी शब्द बदलण्याऐवजी स्क्रीनशॉटची पट्टी उघडेल. मेटा-डॉलरने शुद्धलेखन तपासायला जाल तर फोटो काढायचं फुलीचं चिन्ह समोर येईल.

दुसरी अडचण याहून सूक्ष्म आहे. ईमॅक्समध्ये मेटा-डब्ल्यू म्हणजे कॉपी. ब्राउझरमध्ये कमांड-डब्ल्यू म्हणजे टॅब बंद. दोन्हीसाठी बोट तेच बटण शोधणार, मग अर्धवट भरलेला फॉर्म एक दिवस जाणारच.

म्हणून माझी मांडणी अशी. डावा ऑप्शन मेटा. डावा कमांड सुपर, म्हणजे कमांड-सी, कमांड-व्ही, कमांड-एस ही मॅकची बटणं ईमॅक्समध्येही चालतात. उजवा ऑप्शन ‘नन’, म्हणजे ईमॅक्सने त्याला हात लावायचा नाही, तो विशेष चिन्हं काढायला मॅककडेच राहू द्यायचा. आणि उजवा कमांड कंट्रोल. न मिळालेला उजवा कंट्रोल असा परत मिळतो, आणि तोही अंगठ्याखाली. सेटिंगची नावं ‘मॅक-ऑप्शन-मॉडिफायर’, ‘मॅक-कमांड-मॉडिफायर’, ‘मॅक-राइट-ऑप्शन-मॉडिफायर’, ‘मॅक-राइट-कमांड-मॉडिफायर’. ‘मॅक’च्या जागी ‘एनएस’ लिहिलेलं दिसलं तर गोंधळू नका, अर्थ एकच.

इथे मी माझाच नियम मोडतोय हे तुमच्या लक्षात आलं असेल. उजवा कमांड ही जागेची बाब, तरी बदल ईमॅक्सच्या फाइलीत. कारण इतर अ‍ॅपमध्ये मला तो कमांडच हवा असतो. त्याचा परिणामही भोगावा लागतो: उजव्या कमांडने कंट्रोल-स्पेस दाबायला गेलात तर स्पॉटलाइट उघडेल, कारण सिस्टिमच्या लेखी तो अजून कमांड-स्पेसच आहे. कंट्रोल-स्पेसने मजकूर निवडायची सुरुवात करायला तेवढा कॅप्सलॉकचा कंट्रोल वापरा.

आणि कंट्रोल-स्पेसवर मराठी लिहिणाऱ्यांची आणखी एक अडचण आहे. मॅकवर दुसरी भाषा जोडली की लेआउट बदलण्यासाठी सिस्टिम नेमकं हेच बटण वापरते. ईमॅक्समध्ये मजकूर निवडायची सुरुवातच मग होत नाही, आणि माणूस ईमॅक्सला दोष देतो. कीबोर्ड शॉर्टकटमधल्या इनपुट सोर्सेस यादीत जाऊन त्याची खूण काढा. लेआउट बदलायला ग्लोबचं बटण आहेच.

विंडोजवर कॅप्सलॉक बदलायची सोय सेटिंगमध्ये मिळत नाही. रजिस्ट्रीतल्या ‘स्कॅनकोड मॅप’ने सगळ्यात पक्का बदल होतो. त्याला अ‍ॅडमिनचे हक्क आणि रीस्टार्ट लागतो, पण पुन्हा बघावं लागत नाही. सिसइंटर्नल्सचं ‘सीटीआरएल२कॅप’ हेच काम करतं. पॉवरटॉइजचा कीबोर्ड मॅनेजर सोपा आहे, मात्र तो चालू असेपर्यंतच. क्लायंटच्या मशिनवर यातलं काहीच करू देणार नाहीत असं गृहीत धरा आणि तिथे दोन हातांची शिस्त पाळा. विंडोजचं बटण सुपर म्हणून हवं असेल तर ‘डब्ल्यू३२-एलविंडो-मॉडिफायर’ला सुपर द्या आणि ‘डब्ल्यू३२-पास-एलविंडो-टू-सिस्टिम’ निल करा. विंडोज-एल तरीही मिळणार नाही, तो स्क्रीन लॉकसाठी राखीव आहे.

आता इनस्क्रिप्ट. शॉर्टकट का मरतात ते समजलं की उपाय आपोआप दिसतो. लिनक्सवर सिस्टिमचा लेआउट मराठी केला की एक्सच्या बटणातून अनुस्वार येतो आणि एसच्या बटणातून एकाराची मात्रा. मग फाइल सेव्ह करायला कंट्रोल-एक्स दाबलंत तर ईमॅक्सला कंट्रोल-अनुस्वार दिसतो, आणि असं काही ठरलेलं नाही म्हणून तो हात वर करतो. ब्राउझरमध्ये हे जाणवत नाही, कारण बहुतेक डेस्कटॉप अ‍ॅप अशा वेळी त्याच बटणाचं रोमन अक्षर शोधून काढतात. ईमॅक्स जे आलं तेच खरं मानतो.

उपाय: सिस्टिमचा लेआउट इंग्रजीच ठेवा आणि मराठी ईमॅक्सच्या आतून लिहा. ईमॅक्समध्ये स्वतःच्या इनपुट पद्धती आहेत. इनस्क्रिप्टवाल्यांनी ‘देवनागरी-इनस्क्रिप्ट’ ही डीफॉल्ट करावी, रोमन उच्चारांवरून लिहिणाऱ्यांनी ‘देवनागरी-आयट्रान्स’. मग कंट्रोल आणि उलटी तिरपी रेघ दाबली की मराठी, परत दाबली की इंग्रजी. ही पद्धत फक्त मजकुरात उमटणाऱ्या अक्षरांना लागू होते. कंट्रोल-एक्स, मेटा-एक्स यांना ती धक्का लावत नाही. शोध घेतानाही तेच बटण चालतं, म्हणजे मराठी शब्द शोधायला लेआउट बदलावा लागत नाही. कुठलं अक्षर कुठे आहे ते विसरलात तर कंट्रोल-एच आणि मोठा आय दाबा, सगळा तक्ता समोर येतो. आणि हे तिन्ही मशिनवर सारखंच चालतं, हा तुमच्यासाठी सगळ्यात मोठा फायदा.

उजव्या ऑल्टला मात्र मेटा करू नका. लिनक्सवरच्या भारतीय लेआउटमध्ये तो तिसऱ्या पातळीची अक्षरं काढतो. इंग्रजीच्या भारतीय लेआउटमध्ये त्याच्यासोबत ४ दाबलं की रुपयाचं चिन्ह येतं. मॅकवर उजवा ऑप्शन मोकळा ठेवला त्याचं हेच कारण: डावीकडे मेटा, उजवीकडे चिन्हं, तिन्हीकडे सारखं.

सुपर आणि हायपर हे चैनीचे मॉडिफायर, पण स्वतःचे शॉर्टकट ठेवायला उत्तम, कारण लिनक्सवर ईमॅक्स स्वतः ते वापरत नाही. सुपर गनोम पळवतं, म्हणून मला हायपर बरा वाटतो. मॅकवर ‘मॅक-फंक्शन-मॉडिफायर’ला हायपर दिलं की एफएन बटण कामाला लागतं. लिनक्सवर एक खाच आहे. एक्सकडे मॉडिफायरच्या आठच जागा आहेत आणि बहुतेक लेआउटमध्ये सुपर आणि हायपर एकाच जागेत, मॉड४मध्ये, कोंबलेले असतात. त्यामुळे हायपर दाबला तरी ईमॅक्सला तो वेगळा ओळखू येत नाही. हायपरला मॉड३मध्ये हलवा, ती जागा बहुधा रिकामीच असते.

टर्मिनलमध्ये, विशेषतः एसएसएचवरून दुसऱ्या मशिनवर असाल तर, अपेक्षा कमी ठेवा. तिथे बटणं जात नाहीत, अक्षरांचे आकडे जातात. कंट्रोल अक्षराच्या आकड्यातून ६४ वजा करतो. आय ७३, म्हणून कंट्रोल-आय ९, आणि ९ म्हणजे टॅब. एम ७७, म्हणून कंट्रोल-एम १३, म्हणजे एंटर. चौकटी कंस ९१, त्यातून २७, म्हणजे एस्केप. म्हणून नेहमीच्या टर्मिनलमध्ये कंट्रोल-आय आणि टॅब वेगळे करता येत नाहीत, आणि कंट्रोल-अर्धविराम पाठवायला आकडाच नाही. मेटा म्हणजे अक्षराच्या आधी एस्केप. मॅकच्या टर्मिनल अ‍ॅपमध्ये प्रोफाइलच्या कीबोर्ड भागात ‘ऑप्शन हा मेटा’ अशा अर्थाची खूण करावी लागते. आयटर्ममध्ये डाव्या आणि उजव्या ऑप्शनचं वेगळं ठरवता येतं, तिथे डाव्याला ‘एस्केप प्लस’ द्या. काहीच जमलं नाही तर एस्केप दाबून सोडा, मग एक्स दाबा. मेटा-एक्स झालं. दुखऱ्या बोटासाठीही ही युक्ती चांगली, दोन बटणं एकदम धरावी लागत नाहीत.

सुपर-हायपर टर्मिनलमधून जात नाहीत, पण ईमॅक्समध्ये त्यांची मागची वाट आहे. कंट्रोल-एक्स, मग ॲट द रेटचं चिन्ह, मग एस, की पुढचं बटण सुपरसह दाबलं असं मानलं जातं. एसच्या जागी एच दिला तर हायपर. सवयीने वापरायची गोष्ट नाही, पण सर्व्हरवर अडलात तर कामाला येते.

शेवटी, काही चाललं नाही तर क्रमाने शोधा. ईमॅक्समध्ये कंट्रोल-एच, के, आणि मग संशयित बटण. ईमॅक्स नाव सांगेल. नाव सांगितलं पण भलतंच असेल तर चूक ईमॅक्सच्या फाइलीत किंवा लेआउटमध्ये. काहीच झालं नाही तर बटण वाटेतच अडलंय. मग एक्सवर एक्सईव्ही, वेलँडवर डब्ल्यूईव्ही, मॅकवर काराबिनरचा इव्हेंट व्ह्यूअर उघडा. मॅकवर तिथे दिसलं, किंवा लिनक्सवर तिथे दिसलं नाही, तर डेस्कटॉपचा एखादा शॉर्टकट ते उचलतोय का ते तपासा. असा शॉर्टकट नसूनही बटण दिसत नसेल, आणि तीन-चार बटणं एकदम दाबल्यावरच असं होत असेल, तर दुसरा कीबोर्ड लावून बघा. स्वस्त कीबोर्डच्या आतल्या जोडणीत काही ठरावीक बटणं एकत्र दाबलेली ओळखूच येत नाहीत, आणि कंट्रोल-मेटा-शिफ्टचे जोड त्यात हमखास अडकतात. त्याला सेटिंगमध्ये औषध नाही.